पेपर वीस मिनिटांचा, बॅग तेवीस किलोची

इंटरनॅशनल कॉन्फरन्स नावाच्या प्रकाराची एक गंमत आहे. आपण सांगतो, 'पेपर वाचायला चाललेय.' समोरचा ऐकतो, 'युरोप!' पेपर असतो वीस मिनिटांचा. त्यातली पाच मिनिटं प्रश्नोत्तरांची. म्हणजे पंधरा मिनिटं बोलण्यासाठी माणूस पावणेसात हजार किलोमीटर उडून जातो आणि दहा-बारा दिवसांनी परततो. मधल्या दिवसांत तो काय करतो, हे एचओडीपासून शेजारच्या आजींपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त बोलत कुणी नाही.

तर आज आपण बोलू या. कामाच्या तिकिटाला सुट्टी जोडायची, आणि त्या सुट्टीला मैत्रिणीचं घर जोडायचं, हा थ्री-इन-वन प्रकार नेमका कसा जमवायचा? तुम्ही पेपरबिपर लिहिणाऱ्यातले नसाल तर 'पेपर'च्या जागी 'ट्रेनिंग' किंवा 'क्लायंट मीटिंग' वाचा. फंडा तोच आहे.

आधी एक गिल्ट काढून टाका. ही आयडिया आपल्या पिढीने शोधलेली नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे १९२९ साली परदेशी निघाले, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. इंग्लंडमध्ये माल्व्हर्नला शिक्षकांची परिषद, मग जिनिव्हाची शिक्षण परिषद, मग डेन्मार्कमध्ये एल्सिनोर. तिथून अमेरिका आणि जपान करत ते १९३० साली परतले. एका दौऱ्यात परिषदा, भाषणं आणि महिला विद्यापीठाचा प्रचार, सगळं बसवलं. आपण त्यांच्यापुढे काहीच नाही.

दुसरं नाव आइन्स्टाइनसाहेबांचं. १९२० साली नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाने त्यांना विशेष प्राध्यापक केलं. म्हणजे काय, तर मुक्काम बर्लिनलाच, अधूनमधून लायडनला यायचं आणि लेक्चर्स द्यायची. उतरायचे कुठे? पॉल एरेनफेस्ट या मित्राच्या घरी. तोही फिजिक्सवाला. दिवसा थिअरी, मग मित्र पियानोवर आणि साहेब व्हायोलिनवर. या घराचा आराखडा एरेनफेस्टच्या बायकोने, तातियाना यांनी केला होता, आणि त्या स्वतः गणितज्ञ होत्या. त्या घरातल्या भिंतीवर पाहुण्या शास्त्रज्ञांच्या सह्या आहेत. पाहुण्यांच्या चहापाण्याचा हिशेब मात्र कुठल्याच भिंतीवर लिहिलेला नसतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लायडन, व्हाया सातारा

२०२५ च्या जूनमध्ये माझा नंबर लागला. एमएच्या डेझर्टेशनमधून निघालेला एक पेपर, विषय मराठी न्यूज चॅनेलवरची 'ब्रेकिंग'ची भाषा. लायडनमधल्या एका तीन दिवसांच्या वर्कशॉपने तो स्वीकारला. हॉटेलच्या चार रात्री आणि अर्धं विमानभाडं त्यांचं. बाकी सगळं माझ्या फ्रीलान्सिंगच्या कृपेवर.

आणि जर्मनीत, ग्योटिंगेनला, माझी कॉलेजची रूममेट. मूळची साताऱ्याची, तिथे बायॉलॉजीत पीएचडी करतेय. चार वर्षं आमची मैत्री व्हॉट्सॲपवर जगत होती. 'मिस यू', 'कधी येतेस', 'बघ ना', एवढाच डायलॉग.

मेल आल्यावर मी तिकिटांच्या साइटवर जाण्याआधी तिला एक मेसेज टाकला. 'जूनमध्ये तुला रजा न घेता कुठले दिवस जमतील?' तिचा अंगठा आला. दहा मिनिटांनी दुसरा मेसेज आला, 'हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.'

हे शहाणपण माझं नव्हे हं. माझी मोठी बहीण दादरला राहते. मुंबईत स्टेशनपासून पाच मिनिटांवर घर असण्याची शिक्षा काय असते, ते तिच्याकडे बघून मी शिकलेय. 'इंटरव्ह्यूला आलोय, एकच रात्र' म्हणून आलेली माणसं तिच्या हॉलमध्ये आठवडा आठवडा राहिलेली आहेत. युरोपातल्या मराठी मुलांची घरं म्हणजे आजचं दादर आहे.

मैत्रिणीने शुक्रवार संध्याकाळ ते मंगळवार सकाळ दिली. बाकीचं मग त्याभोवती बसवलं. शनिवारी ॲमस्टरडॅमला उतरायचं. शनिवार, रविवार, सोमवार लायडनमध्ये भटकंती. मंगळवार ते गुरुवार वर्कशॉप. शुक्रवारी ट्रेनने ग्योटिंगेन. मंगळवारी फ्रँकफर्टहून परत.

'आधी सुट्टी आणि मग पेपर? टेन्शन नाही आलं?' असं सगळ्यांनी विचारलं. उलट झालं. उन्हाळ्यात तिकडच्या आणि आपल्या घड्याळात साडेतीन तासांचा फरक असतो. विमानातून उतरून दुसऱ्या दिवशी पेपर वाचणारे दुपारी दोनच्या सेशनला कसे पेंगतात, ते मी नंतर डोळ्यांनी पाहिलं. मी तोवर फ्रेश. लायडनला हॉर्टस बोटॅनिकस नावाची विद्यापीठाची बाग आहे, १५९० सालची. तिथल्या एका बाकावर बसून मी माझा पेपर झाडांना दोनदा वाचून दाखवला. एकाही झाडाने 'इट्स मोअर ऑफ अ कमेंट दॅन अ क्वेश्चन' म्हटलं नाही. एरेनफेस्टचं घरही बाहेरून बघून आले.

दूतावासाला सगळं सांगा

आता कंटाळवाणा पण मोलाचा भाग, व्हिसा. शेंगेनमध्ये २९ देश आहेत आणि व्हिसा एकच लागतो. पण अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? नियम असा, की जिथे तुमचं मुख्य काम किंवा सर्वांत जास्त दिवसांचा मुक्काम, त्या देशाकडे. दोन्ही देश अगदीच बरोबरीला आले, तर जिथून आत शिरणार तो देश. आता समजा परिषद तीन दिवस हॉलंडमध्ये आणि मित्राकडे मुक्काम दहा दिवस जर्मनीत. मग मुख्य देश कुठला? इथे लोक गोंधळतात आणि व्हिसा ऑफिसरही भुवया उंचावतो. माझं गणित मुद्दाम सोपं ठेवलं होतं. सहा रात्री नेदरलँड्स, चार रात्री जर्मनी. कामही तिकडेच, दिवसही तिकडेच जास्त. विषय संपला.

'फॉर्ममध्ये फक्त कॉन्फरन्स लिही, बाकीचं कशाला सांगतेस?' असा सल्ला देणारे दादालोक तुम्हालाही भेटतील. त्यांना चहा पाजा आणि सल्ला विसरून जा. फॉर्मवर प्रवासाच्या कारणांत एकापेक्षा जास्त गोष्टींवर टिक करता येते. मी परिषदेचं पत्र लावलं, मैत्रिणीचं निमंत्रण लावलं, तिच्या रेसिडन्स परमिटची कॉपी लावली, रोजच्या मुक्कामाचा तक्ता लावला. लपवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. परिषदेला जोडून मैत्रिणीला भेटणं हा गुन्हा नाहीये यार.

आणि खरं सांगण्यात फायदाही आहे. एप्रिल २०२४ मध्ये युरोपियन युनियनने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल केले. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळालेले आणि नियमाप्रमाणे वापरलेले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर पाच वर्षांचा. 'नियमाप्रमाणे वापरलेले' हे शब्द दोनदा वाचा.

बाकी ठळक गोष्टी. फी जून २०२४ पासून ९० युरो, मी भरली तेव्हा साधारण नऊ हजार रुपये. मेडिकल इन्शुरन्स किमान ३० हजार युरोचा. तो फक्त परिषदेच्या तारखांचा काढू नका, अख्ख्या मुक्कामाचा काढा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला १५ दिवस धरतात, पण तो ४५ पर्यंत ताणला जाऊ शकतो. लंडनचा मित्र या व्हिसात बसत नाही, ब्रिटनचा व्हिसा वेगळा. आणि मध्येच लंडनला जाऊन परत युरोपात शिरायचं असेल, तर सिंगल एंट्रीवाला व्हिसा चालणार नाही. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर टप्प्याटप्प्याने शिक्क्याच्या जागी फोटो आणि बोटांचे ठसे आले. तुम्ही किती दिवस आत होतात, हे आता कॉम्प्युटर मोजतो. 'शिक्का पुसट होता' वगैरे जुनी कारणं बाद.

पैशांचे तीन डबे

माझी आजी किराण्याचे, दुधाचे आणि देवाचे पैसे वेगवेगळ्या डब्यांत ठेवायची. या ट्रिपला तोच नियम लावा. कामाचा डबा, सुट्टीचा डबा, मैत्रिणीचा डबा.

कामाच्या डब्यातून दुसरीकडे एक पैसा जाता कामा नये. जाताना एका शहरात उतरायचं आणि परतताना दुसऱ्याच शहरातून निघायचं, अशा तिकिटाला ओपन-जॉ म्हणतात. उलट प्रवास वाचतो, म्हणून ते मस्त पडतं. पण पैसे देणाऱ्याला प्रश्न पडतो, की बाई, परिषद लायडनला आणि तुम्ही फ्रँकफर्टहून कशा आलात? म्हणून तिकीट काढायच्या दिवशीच मी मुंबई-ॲमस्टरडॅम-मुंबई अशा सरळ तिकिटाचा भाव, परिषदेच्या तारखांसकट, स्क्रीनशॉट काढून ठेवला. माझं तिकीट त्याहून २,८०० रुपयांनी महाग होतं. ते २,८०० सुट्टीच्या डब्यातून. आयोजकांना दोन्ही कागद आधीच मेल केले. नंतर एकही प्रश्न आला नाही.

माझी एक लेक्चरर मैत्रीण हे न करता गेली होती. तिच्या कॉलेजच्या अकाउंट्सने तिचं बिल आठ महिने लटकवलं. शेवटी तिला त्या वेळचा भाव सिद्ध करता आला नाही आणि भाड्याचा मोठा भाग बुडाला. सरकारी पैशांवर जाणाऱ्यांनी तर जास्तच जपा. २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली आणि एअर इंडियानेच उडायची जुनी सक्ती सुटली. पण केंद्र सरकारच्या खर्चाने तिकीट काढायचं, तर त्यासाठी ठरवून दिलेले एजंट आहेत. मनाला येईल त्या साइटवरून काढलं तर बिल अडकतं. बोर्डिंग पास जपून ठेवा. भत्ता परिषदेच्या दिवसांचाच मागा. आणि ऑफिसवाल्यांनो, ट्रेनिंगचे दिवस 'ऑन ड्यूटी', पुढचे दिवस तुमची रजा, असं निघण्याआधी मेलवर लिहून घ्या. बॉस तोंडी 'हो हो' म्हणतो, एचआरला ते ऐकू आलेलं नसतं.

हापूस नाही, केळं चालेल

आता तेवीस किलोची बॅग. मी निघतेय हे कळल्यावर साताऱ्याहून काकूंचा, म्हणजे मैत्रिणीच्या आईचा फोन. 'अगं, थोडंसंच देते.' ते 'थोडंसं' एसटीच्या पार्सलने आलं. वजन सव्वाआठ किलो.

इथे कस्टमचा क्लास घ्यावा लागला. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे काकूंचं घरचं साजूक तूप बाद. ताजी फळं आणि पानं कृषी खात्याच्या सर्टिफिकेटशिवाय चालत नाहीत. म्हणजे हापूस बाद आणि कढीपत्ताही बाद. सूट फक्त पाच फळांना आहे : अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. ड्युरियन म्हणजे ते आग्नेय आशियातलं भयानक वासाचं फळ. ते चालतं आणि आपला हापूस चालत नाही! काकू फोनवर बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'केळी तिकडं मिळत नाहीत होय?' कंदी पेढ्यांची रिस्क मी घेतली नाही, ते माझ्या घरी संपले. समाजसेवा.

गेलं काय? गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, चकल्या, आमसुलं आणि दोन जुने दिवाळी अंक. सात किलो. माझे कपडे, लॅपटॉप आणि पेपर उरलेल्या जागेत. परिषदेला मी तीन दिवस दोनच कुर्ते आलटूनपालटून घातले.

तीस दिवसांचा हिशेब

आता ज्यासाठी हा सगळा लेख लिहिला ते. पेपर बरा झाला. एका बाईंनी चांगला प्रश्न विचारला, कॉफीच्या वेळी दोन ओळखी झाल्या. शुक्रवारी गाड्या बदलत बदलत ग्योटिंगेनला पोचले. मैत्रीण स्टेशनवर. चार वर्षांनी. पहिली दहा मिनिटं आम्ही दोघी एकाच वेळी बोलत होतो.

रात्री ती कांदा चिरत होती आणि मी भाजणी भिजवत होते. मी सहज विचारलं, 'माझ्यासारख्या किती जणी येतात गं?' ती म्हणाली, 'गेल्या वर्षी सात. तिघं तर माझे मित्रही नव्हते, मित्रांचे मित्र. युरोपला आलोय, भेटू या म्हणाले.' मग तिने हिशेब सांगितला. तक्रार म्हणून नाही हं, कांदा चिरता चिरता.

तिच्या करारात वर्षाला ३० दिवसांची रजा आहे. आपल्याला ऐकायला भरपूर वाटते. ख्रिसमसच्या सुमारास इन्स्टिट्यूट बंद असते, त्यात काही दिवस जातात. उरलेली रजा साताऱ्यासाठी. पण पाहुणा बुधवारी येतो. त्याला स्टेशनवर घ्यायला अर्धा दिवस. 'बर्लिन दाखव ना' म्हणतो, एक दिवस. 'तिकिटं जर्मनमध्ये आहेत गं, सोडायला ये', अजून अर्धा दिवस. सात पाहुण्यांत तिची अकरा दिवस रजा गेली. त्या वर्षी तीन आठवड्यांसाठी घरी जायचं ठरवलं होतं, गेली बारा दिवसांसाठी. 'आईला सांगितलं की लॅबमध्ये काम आलं,' ती म्हणाली. 'पाहुण्यांमुळे म्हटलं असतं तर तिने त्या सगळ्यांना फोन करून झापलं असतं.'

बघा हं. आपण म्हणतो, 'हॉटेलचे पैसे वाचले.' वाचले नाहीत, ते दुसऱ्या कुणीतरी भरले. आणि युरोंत नाही भरले, आईकडच्या दिवसांत भरले. आपण तिकडे काढलेला फेसबुकवरचा हसरा फोटो साताऱ्यातल्या एका माणसाच्या वाट्यातून आलेला असतो. हे ना त्या माणसाला माहीत, ना आपल्याला.

म्हणून मैत्रिणीचा डबा सगळ्यांत आधी भरा. माझे नियम साधे होते. शनिवारी दुकानं उघडी असतानाच सामान आणायचं, कारण रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात. बिल माझं. साइटसीइंगचा आग्रह नाही. रविवारी आम्ही अकराला उठलो, वरण-भात खाल्ला, परत झोपलो. तिला बर्लिन बघायचंच नव्हतं. तिला कुणाशी तरी मध्येच इंग्रजी न घुसवता तीन तास भांडायचं होतं. आमच्या हॉस्टेलच्या मेसमधली ऊसळ मटकीची होती की मुगाची, यावर आम्ही खरोखरच तेवढा वेळ भांडलो.

सोमवारी ती लॅबला गेली आणि मी एकटी गाव हिंडले. जुन्या टाउन हॉलसमोर गान्झेलीझल नावाचा छोटासा पुतळा आहे, हातात बदकासारखे हंस घेतलेल्या मुलीचा. ग्योटिंगेनला ज्याची पीएचडी होते, तो फुलं घेऊन कारंज्यावर चढतो आणि तिच्या गालावर पापी घेतो. अशी तिथली पद्धत. मी खालून फोटो काढला आणि मैत्रिणीला पाठवला, 'कधी?' उत्तर आलं, 'गप. संध्याकाळी आमटी कर.' केली. आमसुलं घालून.

परत आल्यावर काकूंना फोन केला. मसाला पोचला, चकल्या एकही तुटली नाही, असं सगळं सांगितलं. त्यांना वेगळंच विचारायचं होतं. 'रोडावलीय का गं ती? खरं सांग.' मी खरं सांगितलं. 'थोडी. पण भात दोनदा घेतला.' पलीकडे एक मोठा श्वास ऐकू आला. व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसतो, माणूस दिसत नाही. काकूंना कुणीतरी डोळ्यांनी बघून आलेलं हवं होतं. माझ्या अख्ख्या दौऱ्यातलं सगळ्यांत मोठं काम बहुधा ते होतं, आणि त्याचं सर्टिफिकेट काही मिळालं नाही.

त्या वर्षी २७ ऑगस्टला गणपती बसले तेव्हा मैत्रीण साताऱ्यात होती. एकवीस दिवसांसाठी.

तर मंडळी, तुमच्याही इनबॉक्समध्ये कधीतरी तो ॲक्सेप्टन्सचा मेल येईल. जरूर जा. सुट्टी जोडा, मित्र जोडा, बिनधास्त जोडा. फक्त क्रम बदला. आधी मित्राचे दिवस विचारा, मग दूतावासाचे, मग तुमचे. आणि निघण्याआधी त्याच्या आईला एक फोन करा, बॅगेत सात किलो जागा ठेवून.

माझ्या मैत्रिणीचा थिसिस आता शेवटच्या टप्प्यात आहे. तिला त्या हंसवालीच्या गालापर्यंत चढताना मला बघायचंय. तेव्हा जर्मनीच्या आसपास कुठला कॉल फॉर पेपर्स दिसला तर मला कळवा. विषय कुठलाही चालेल.